मार्कस, जेन
मार्कस, जेन : (१९३८–२०१५). अमेरिकन स्त्रीवादी समीक्षक आणि आधुनिकतावादी इंग्रजी साहित्याची अभ्यासक. ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठात आणि पुढे न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात व सिटी युनिव्हर्सिटीच्या ग्रॅज्युएट सेंटरमध्ये तिने अध्यापन केले.

⇨ व्हर्जिनिया वुल्फ (१८८२–१९४१) हा तिच्या अभ्यासाचा केंद्रविषय होय. वुल्फचा भाचा क्वेंटिन बेल ह्याने लिहिलेल्या चरित्रामुळे (१९७२) वुल्फची राजकारणापासून अलिप्त राहिलेली कलावती ही प्रतिमा दृढ झाली. मार्कसने ती अमान्य केली. समाजवाद, शांततावाद व पितृसत्तेचा विरोध हे वुल्फच्या लेखनाचे मूलाधार आहेत, असे तिचे प्रतिपादन होते. १९८४-८५ मध्ये क्रिटिकल इन्क्वायरी ह्या नियतकालिकातून बेल आणि मार्कस ह्यांच्यात वाद झाला. लेखिकेचा अर्थ लावण्यात आप्तांच्या आठवणींना किती प्रामाण्य द्यावयाचे, हा त्यामागील खरा प्रश्न होता.

न्यू फेमिनिस्ट एसेज ऑन व्हर्जिनिया वुल्फ (१९८१) हा तिने संपादिलेला लेखसंग्रह. व्हर्जिनिया वुल्फ अँड द लँग्वेजिस ऑफ पेट्रिआर्की (१९८७) ह्या ग्रंथात तिने वुल्फची क्वेकरपंथीय आत्या कॅरोलाइन स्टीफन हिच्या प्रभावाचाही शोध घेतला. संतापामुळे स्त्रियांच्या लेखनाची हानी होते, असे वुल्फने अ रूम ऑफ वन्स ओन (१९२९) मध्ये सुचविले होते. आर्ट अँड अँगर (१९८८) मध्ये मार्कसने मात्र संतापाला निर्मितीची प्रेरणा मानले.

भारतीय वाचकांच्या दृष्टीने तिचे द वेव्ह्‌ज (१९३१) ह्या कादंबरीचे विवेचन विशेष लक्षणीय आहे. तीतील पर्सिव्हल भारतात घोड्यावरून पडून मरण पावतो. त्याच्याभोवतीच्या वीरपूजेत मार्कसला ब्रिटिश साम्राज्यवादाचा उपहास दिसला. ह्या विवेचनाने केवळ काव्यात्म मानलेल्या कादंबरीला ऐतिहासिक संदर्भ लाभला. तथापि वुल्फच्या वर्गीय पूर्वग्रहांकडे त्यात काहीसे दुर्लक्ष झाले. हार्ट्‌स ऑफ डार्कनेस (२००४) मध्ये मार्कसने अ रूम ऑफ वन्स ओनमधील कृष्णवर्णीय स्त्रीविषयीच्या विधानाची चिकित्सा करून गौरवर्णीय लेखिकांच्या वंशविषयक दृष्टीचा प्रश्न उपस्थित केला. थ्री गिनीज (१९३८) ह्या वुल्फच्या युद्धविरोधी ग्रंथाची सटीप आवृत्तीही तिने संपादिली (२००६).

मार्कसची शैली आवेशपूर्ण आणि वादप्रिय आहे. वुल्फला स्वतःच्या मतांच्या जवळ ओढण्याचा दोष तिच्या समीक्षेत अधूनमधून जाणवतो. तथापि वुल्फच्या राजकीय विचाराला वगळून तिच्या कलेचे मूल्यमापन करणे अवघड व्हावे, हे मार्कसच्या समीक्षेचे स्थायी फलित म्हणावे लागेल.