जाहीरनाम्याचा तिसरा रकाना

जाहीरनामा हेही एक लेखन आहे. त्याला लेखक असतो, वाचक असतो, भाषा असते आणि त्या भाषेमागे एक समाजदृष्टी असते. मग त्याची समीक्षा का होऊ नये? कवितेतील एका प्रतिमेवर आपण चर्चासत्रे भरवितो. परंतु कोट्यवधी माणसांच्या चुलीशी ज्याचा संबंध आहे, त्या लेखनाकडे मतदान उरकले की पाठ फिरवितो. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीतील दोन आश्वासनसंच येथे तपासावयाचे आहेत. एक, ५ नोव्हेंबरला कोल्हापुरात एकनाथ शिंदे यांनी मांडलेली महायुतीची दहा वचने. दुसरा, ६ नोव्हेंबरला मुंबईत जाहीर झालेल्या महाविकास आघाडीच्या पाच हमी.

प्रथम भाषा पाहू. एका बाजूला 'लाडकी बहीण', दुसऱ्या बाजूला 'महालक्ष्मी'. एकीने बाईला बहीण केले, दुसरीने देवी. नागरिक कोणीच केले नाही. बहिणीला ओवाळणी मिळते आणि ओवाळणी भावाच्या मर्जीवर असते. नागरिकाला हक्क असतो. अंगणवाडी आणि आशा सेविकांना महायुतीने दरमहा १५,००० रुपयांचे वचन दिले. रक्कम सांगितली, कामगाराचा दर्जा सांगितला नाही. सरकारदरबारी त्यांच्या मोबदल्याला 'मानधन' म्हणतात. अंगणवाडी सेविका ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला. तरी हा शब्द गेला नाही. शब्द जात नाही, कारण तो गेला तर हिशेब बदलतो.

आता हिशेब. जून २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा वर्षाला ४६,००० कोटी रुपये लागतील, असे सांगण्यात आले. अडीच कोटी स्त्रिया, दरमहा १,५०० रुपये. गुणाकार जवळपास तेवढाच येतो. महायुतीचे २,१०० रुपये धरले तर ६३,००० कोटी. आघाडीचे ३,००० धरले तर ९०,००० कोटी. १० मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात प्रत्यक्ष तरतूद झाली ३६,००० कोटींची. हा आकडा १,५०० च्या दराने दोन कोटी स्त्रियांना पुरतो; २,१०० च्या दराने दीड कोटींनाही पुरत नाही. म्हणजे दर तर वाढला नाहीच, उलट लाखो स्त्रिया यादीतून गळणार हे त्या आकड्यातच लिहिलेले होते. ज्याला भागाकार येतो त्याला ते त्याच दिवशी वाचता येत होते.

येथे पांढरपेशा टीकाकार पुढे येतो. मी शनिवार पेठेत राहतो. 'फुकट वाटून राज्य बुडविले' हे वाक्य येथे चहाइतके सहज मिळते. जी बाई पहाटे याच पेठेतला कचरा उचलते, तिच्या १,५०० रुपयांवर ही चर्चा रंगते. २०२५-२६ मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती; १,५०० म्हणजे पाच दिवसांची मजुरीही नव्हे. त्यामुळे 'किती खर्च' हा या मंडळींचा प्रश्न चुकीचा नसला तरी अपुरा आहे. दुसरा प्रश्न आहे : कोणाकडून?

याचे उत्तर महाराष्ट्राने एकदा दिले होते. १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. त्यासाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसला. शहरी पगारदाराकडून घ्यावयाचे, राज्याने तेवढीच भर घालावयाची आणि गावच्या मजुराला काम द्यावयाचे. देणारा कोण, घेणारा कोण, दोन्ही रकाने भरलेले होते. आज माझ्या पगारपत्रकावर तो कर वर्षाला २,५०० रुपये आहे. राज्यघटनेने घातलेली ही कमाल मर्यादा १९८८ पासून हललेली नाही. पगार मात्र कितीतरी हलले. फुकटाची चर्चा करणारे याविषयी बोलत नाहीत.

दुसरा रकाना कोरा राहिला की तिसरा आपोआप भरतो : कोणाच्या हक्कातून वजा? मे २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५.७० कोटी रुपये वळविण्यात आले. खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलाला पुण्यात स्वाधार योजनेतून वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात. त्या दराने ४१०.३० कोटी म्हणजे अडुसष्ट हजारांवर विद्यार्थ्यांचे एक वर्ष. माझ्यासारखे जे घराण्यातले पहिले पदवीधर, त्यांना हा आकडा समजावून सांगावा लागत नाही.

यावर युक्तिवाद असा की, लाभार्थींत दलित-आदिवासी स्त्रियाही आहेतच. आहेत. परंतु इतर स्त्रियांना जे सामान्य तिजोरीतून मिळते, ते दलित स्त्रीला तिच्याच मुलाच्या शिष्यवृत्तीच्या पैशातून द्यावयाचे, याला कल्याण म्हणावयाचे काय? हा रोग एका पक्षाचाही नाही. कर्नाटकात २०१३ पासून उपयोजनेचा कायदा आहे. तेथेही काँग्रेस सरकारने उपयोजनेचे हजारो कोटी हमीयोजनांकडे वळविले.

आता ऊर्जा. वीजबिलात ३० टक्के कपात आणि सौर ऊर्जेवर भर, हे महायुतीचे वचन. २०२४ च्या मोफत कृषिवीज योजनेचा भार वर्षाला १४,७६० कोटी सांगितला गेला. ती साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना. सौर पंपासाठी अनुसूचित जातींच्या शेतकऱ्याला केवळ ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. पण पंपाला विहीर लागते, विहिरीला जमीन लागते. भूमिहीनाला सवलत कशावर? उलट सौर प्रकल्पांसाठी सरकारी आणि गायरान जमिनी दिल्या जातात. हीच गायराने दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहानंतर आपल्या माणसांनी कसली. त्या जमिनीची किंमत ऊर्जेच्या कोणत्या हिशेबात आहे?

निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये आश्वासनांचा खर्च आणि पैशाचा मार्ग सांगणारा तक्ता पक्षांपुढे ठेवला होता. तो आवश्यकच आहे. पण त्यात तिसरा रकाना आपणच घालावयास हवा. बाबासाहेबांचा १९२५ चा ग्रंथ ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवर आहे. त्यांना मानणाऱ्या चळवळीने अर्थसंकल्प तज्ज्ञांवर सोपवावा, हे शोभत नाही. पुढच्या मार्चमध्ये प्रत्येक महाविद्यालयातील आपल्या विद्यार्थ्यांनी सामाजिक न्याय विभागाची मागणी मिळवावी, वर्षअखेरीचा खर्च तिच्याशेजारी मांडावा आणि फरक गावोगाव वाचून दाखवावा. मते मागावयास येणाऱ्याला मग एवढेच विचारावे : देणार किती हे कळले, काढणार कोठून?