प्रतीक, व्यक्ती आणि वाचकाचे मूल्यभान

सामाजिक न्यायाच्या प्रश्नांना वृत्तपत्रे-नियतकालिके किती जागा देतात, या अंगाने माध्यमांची चिकित्सा पुष्कळ झाली आहे. परंतु वाचकाची मूल्ये घडतात ती कोणती घटना त्याला कळली यापेक्षा, त्या घटनेतील कोणती बाब अस्वस्थ होण्याजोगी म्हणून त्याच्यापुढे आली, यावरून. 'साधना'च्या १५ ऑगस्ट १९७२च्या अंकातील राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आणि त्याभोवती उठलेले वादळ हे या प्रक्रियेचे मराठीतील लक्षणीय उदाहरण होय.

स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात अनिल अवचट यांच्या पुढाकाराने निघालेला हा अंक दलितांच्या स्थितीला वाहिलेला होता. त्याच वर्षी परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथे दलित स्त्रियांची विटंबना झाली होती. ढाले यांनी दोन दंड शेजारी ठेवले : दलित स्त्रीच्या अब्रूवर घाला घालणाऱ्यास ५० रुपये, राष्ट्रीय प्रतीकाचा अवमान करणाऱ्यास ३०० रुपये. त्यापाठोपाठ राष्ट्रध्वजाविषयीचे जहाल उद्गार आले. वादाने लेखातून उचलले ते हे उद्गार. 'ध्वजाचा अपमान' हा विषय ठरला. ब्राह्मणगाव आधी त्याची पार्श्वभूमी झाले आणि पुढे जवळजवळ तळटीप.

रोलां बार्थ यांनी 'मिथॉलॉजीज' (१९५७) या ग्रंथात एका फ्रेंच साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावरील, सलाम करणाऱ्या कृष्णवर्णीय सैनिकाच्या छायाचित्राचे विश्लेषण केले आहे. त्या सलामात सैनिकाचे चरित्र आणि वसाहतीचा इतिहास विरून जातो; साम्राज्य तेवढे स्वाभाविक भासू लागते. ढाले यांची मांडणी नेमकी उलट दिशेने जाते. प्रतीकाचे पावित्र्य रुपयांत मोजून ते त्यामागील मूल्यांची उतरंड उघडी पाडतात. पुढील वादाने ती उतरंड पुन्हा झाकली. ध्वजासाठी संतापलेल्या वाचकाला आपला संताप सर्वस्वी स्वतःचा वाटला असेल. तो खोटाही नव्हता. स्वातंत्र्यलढ्यात सोसलेल्या पिढीसाठी ध्वज म्हणजे निव्वळ कापड नव्हते, हे मान्य केलेच पाहिजे. प्रश्न एवढाच की, त्याच वाचकाला ब्राह्मणगावच्या वार्तेने तितकेच व्यथित का केले नाही? व्यक्तिगत मूल्य ज्या ठिकाणी सर्वाधिक व्यक्तिगत भासते, तेथेच त्याची सामाजिक घडण सर्वाधिक खोल असते.

म्हणून वाचकाला केवळ मातीचा गोळा मानणेही चूक ठरेल. स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ साली मांडलेल्या सांकेतन-विसांकेतनाच्या प्रतिमानानुसार संदेश पाठवणाऱ्याला अभिप्रेत असलेला अर्थच ग्राहक स्वीकारील असे नाही. तो विरोधी वाचनही करू शकतो. या वादाने हेच घडवले. ज्या गदारोळाने ढाले यांना आरोपी ठरवले, त्यानेच नुकत्याच स्थापन झालेल्या दलित पँथरचे नाव सर्वतोमुखी केले. एका वाचकवर्गाने त्या मजकुरातून अवमान वाचला, दुसऱ्याने स्वाभिमान. मजकूर एकच, पण वाचकाच्या जगण्यातील अनुभवाने त्याचा अर्थ फिरवला. शिवाय हा लेख छापणारे 'साधना' हेही प्रस्थापित मराठी नियतकालिकविश्वातलेच होते. माध्यमे एकजिनसी नसतात, याचा हा पुरावा.

तथापि ढाले यांच्या लेखालाही एक मर्यादा आहे आणि ती सहानुभूतीपोटी टाळणे समीक्षेला शोभणारे नाही. दोन दंडांच्या तुलनेत ती स्त्री स्वतः बोलत नाही. तिची विटंबना युक्तिवादाचे एक पद म्हणून येते. तिचे दुःख समूहाच्या अब्रूच्या परिभाषेत मांडले जाते. प्रतीकाविरुद्ध व्यक्ती उभी करू पाहणारा लेख त्या व्यक्तीलाही काही अंशी प्रतीकच बनवतो. ध्वजाचे कैवारी आणि ध्वजाचा टीकाकार यांच्यातील वादात ब्राह्मणगावच्या स्त्रिया दोन्हीकडून मुक्याच राहिल्या.

अन्यायाची वार्ता वाचकाला कळवळा शिकवते की न्यायबुद्धी, हे तिच्या मथळ्यातील तीव्रतेवरून ठरत नाही. तिच्यात कर्तेपद कोणाकडे आहे आणि कोणाची व्यथा दुसऱ्याच्या वाक्यात कर्म होऊन राहिली आहे, यावरून ते ठरते. माध्यमसमीक्षेने सदरांची लांबी मोजण्याआधी हे व्याकरण तपासणे अगत्याचे आहे.