स्वस्त वाद्याची कसोटी : गिटार व ॲम्प्लिफायर यांच्या मूल्यमापनाचा वऱ्हाडच्या संदर्भात विचार

प्रस्तावना

अमरावती व अकोला या वऱ्हाडातील दोन प्रमुख शहरांत गिटार आता अपरिचित राहिलेली नाही. भारतीय विद्यापीठ संघाच्या युवक महोत्सवात पाश्चात्त्य वाद्यवादन व पाश्चात्त्य समूहगीत हे स्वतंत्र कलाप्रकार असल्यामुळे महाविद्यालयांच्या सांस्कृतिक विभागालाही या वाद्याची दखल घ्यावी लागते. मात्र वाद्य निवडायचे कसे, याचा विचार फारसा होत नाही. खरेदीच्या मागणीपत्रावर ‘गिटार, नग १’ एवढाच उल्लेख असेल, तर किमान दराचे दरपत्रक मंजूर होणे अपरिहार्य ठरते. पालक पाल्यासाठी वाद्य घेतात तेव्हाही किंमत आणि चकाकी हेच दोन निकष प्रभावी असतात. प्रस्तुत लेखात स्वस्त गिटार व ॲम्प्लिफायर यांचे मूल्य ठरविण्याचे निकष तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

स्वस्त म्हणजे हीन नव्हे

वाद्याची प्रतिष्ठा किमतीवर अवलंबून नसते, हे वऱ्हाडाला नव्याने सांगण्याची गरज नाही. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९-१९६८) खंजिरीच्या साथीने भजन गावोगावी नेले. १९३५ मध्ये मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना झाली आणि खंजिरी ही त्या परंपरेची जणू खूणच बनली. लाकडी कडे, त्यावर मढविलेले कातडे आणि लहान झांजा एवढेच तिचे साहित्य. तथापि कातडे सैल पडले की ते शेकून ताणून घ्यावे लागते. वाद्य स्वस्त असले तरी त्याचा नाद तपासण्याची शिस्त स्वस्त नसते, हा येथील बोध होय.

तंतुवाद्यांच्या परंपरेतही हीच दृष्टी आढळते. मिरजेच्या सतार व तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागिरीत जवारी काढण्याला असाधारण महत्त्व आहे. घोडीचा पृष्ठभाग योग्य रीतीने घासल्याशिवाय उत्तम लाकडाचा तंबोराही बोलत नाही. ‘जवारी’ ही संकल्पना गिटारला जशीच्या तशी लागू पडत नसली, तरी वाद्य विकत घेतल्याने पूर्ण होत नाही, ते जुळवून घ्यावे लागते, हे तत्त्व दोन्हींना समान आहे.

गिटारच्या परीक्षणाचे निकष

पहिला निकष स्वराचा. प्रचलित गिटारची मोकळी तार सुमारे ६५० मिलिमीटर लांब असते व १२ वा पडदा तिच्या मध्यावर येतो. या पडद्यावर तार दाबून निघणारा स्वर आणि त्याच जागी तारेला केवळ स्पर्श करून निघणारा स्वर हे दोन्ही एकच असले पाहिजेत. ते जुळत नसतील तर खुंट्या कितीही पिळल्या तरी वाद्य सर्व पडद्यांवर सुरात राहणार नाही. नवी तार लावून किंवा घोडीवरील पट्टी सुधारून दोष दूर होत असेल, तर वाद्य स्वीकारावे. पडदेच चुकीच्या अंतरावर बसविलेले असतील, तर ते कोणत्याही किमतीला महागच होय.

दुसरा निकष बोटांचा. १२ व्या पडद्यावर तारेची उंची साधारणतः २ ते ३ मिलिमीटर असावी. ती ४ ते ५ मिलिमीटरपर्यंत गेली, तर नवशिक्याची बोटे सोलून निघतात आणि तार अधिक दाबावी लागल्याने स्वरही चढतो. पोलादी तारांच्या गिटारवर सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे ७० किलोग्रॅम वजनाइतका असतो. या ताणाने दांडी वाकू नये म्हणून तिच्या आत लोखंडी सळई असते. ही सळई फिरवून दांडी सरळ करता येते की नाही, हे दुकानातच पाहिले पाहिजे.

तिसरा निकष हवामानाचा. अकोल्यात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे नवे नाही. उन्हाळ्यातील कोरडी हवा, त्यातच घरातील कुलरची ओल आणि पुढे पावसाळ्याची दमट हवा यांमुळे लाकूड आकुंचन-प्रसरण पावते. येथे स्वस्त गिटारचा तथाकथित दोष गुण ठरू शकतो. अखंड लाकडाची तबकडी नादाला समृद्ध असते, पण अशा हवेत ती तडकण्याचा धोका अधिक. एकमेकांवर आडव्या-उभ्या धाग्यांनी चिकटविलेल्या प्लायवूडच्या तबकडीचा नाद मर्यादित असला, तरी ती हवामानातील बदल अधिक सोसते. रोजच्या सरावासाठी व सामूहिक वापरासाठी प्लायवूडची गिटार ही केवळ तडजोड नसून विचारपूर्वक केलेली निवड असू शकते.

ॲम्प्लिफायर : आकड्यांचा आभास

विद्युत गिटारसोबत ॲम्प्लिफायर घ्यावा लागतो आणि येथे खरेदीदाराची दिशाभूल आकड्यांनी होते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले ‘पीएमपीओ’ वॅट हे क्षणिक कमाल शक्तीचे फुगविलेले माप असते. तुलनेसाठी ‘आरएमएस’ वॅट हेच माप विश्वसनीय होय. शिवाय वॅट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. १० ऐवजी २० वॅट घेतल्यास वाढ केवळ ३ डेसिबलची असते. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. म्हणून खोलीतील सरावाला १० वॅट पुरेसे आहेत. सभागृहात वाजवायचे असल्यास मोठा ॲम्प्लिफायर विकत घेण्याऐवजी लहान ॲम्प्लिफायरसमोर मायक्रोफोन ठेवून आवाज सभागृहाच्या ध्वनिव्यवस्थेत देणे अधिक किफायतशीर ठरते.

स्वस्त ॲम्प्लिफायरची परीक्षा तार न छेडता करावी. आवाज वाढवून केवळ घरघर ऐकावी. ती अर्थिंगच्या अभावामुळे आहे की यंत्राच्या सदोष जुळणीमुळे, हे दुसऱ्या जोडणीवर लावून कळते. हा प्रश्न नादापुरता मर्यादित नाही. गिटारच्या तारा केबलमार्फत ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. अर्थिंग नसलेल्या जोडणीत यंत्र बिघडल्यास विजेचा प्रवाह थेट वादकाच्या हातापर्यंत येऊ शकतो. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून काम भागविण्याची सवय म्हणूनच घातक आहे.

किमतीच्या मर्यादा

‘शिकणाऱ्याला काहीही चालते’ हा समज या संपूर्ण विषयातील सर्वांत हानिकारक समज होय. जाणकार वादक सदोष वाद्यातूनही मार्ग काढतो. नवशिक्याला मात्र दोष वाद्याचा की आपला, हे कळत नाही. तो स्वतःलाच बेसूर समजून वाद्य खाली ठेवतो. उलट, ‘महाग तेच उत्तम’ हेही खरे नाही. आकाशवाणीने १९४० ते १९७१ या काळात हार्मोनियमला बंदी घातली होती. तिच्यावरील मुख्य आक्षेप स्थिर स्वरांचा व मींड निघत नसल्याचा होता आणि महाग हार्मोनियम घेऊन तो दूर होणारा नव्हता. गिटारचे पडदेही स्थिर आहेत. तारा खेचून मींडेचा काहीसा आभास निर्माण करता आला, तरी रागसंगीतासाठी तिच्या मर्यादा किमतीने पुसल्या जात नाहीत. वाद्याची जात आणि वाद्याची प्रत यांतील हा भेद समीक्षकाने जपला पाहिजे.

निष्कर्ष

स्वस्त वाद्याचे मूल्य त्याच्या किमतीत नसून, ते विद्यार्थ्याला खरा स्वर ऐकू देते की नाही यात आहे. म्हणून मागणीपत्रात तारेची उंची, १२ व्या पडद्यावरील स्वरसाम्य, सळईची सोय, आरएमएस वॅट व अर्थिंगयुक्त प्लग यांचा स्पष्ट उल्लेख असावा. मंजूर रकमेतील काही भाग वाद्य जुळवून घेण्यासाठी राखून ठेवावा आणि वाद्य ताब्यात घेताना वाजविणारी व्यक्ती उपस्थित असावी. एवढे केल्यास किमान दराचे दरपत्रकही योग्य वाद्य देऊ शकते. अन्यथा वाचलेले दोन हजार रुपये कपाटात पडून राहिलेल्या गिटारच्या रूपाने वायाच जातात आणि एका विद्यार्थ्याचा स्वतःच्या कानांवरील विश्वासही त्यांच्यासोबत जातो.