फूल, दोन पाने आणि न छापलेला पर्याय

गोव्याच्या जनमत कौलावर आपल्याकडे जे लिहिले जाते, ते बहुतेक दोनच रंगांत. कुणाला तो अस्मितेचा विजय, कुणाला मराठीचा पराभव. दोघांची चूक मात्र एकच: मतपत्रिकेवर जे छापले होते तेवढेच लोकांच्या मनात होते, असे दोघेही धरून चालतात.

छापले होते काय? १६ जानेवारी १९६७ ला गोव्यातल्या मतदारापुढे दोन चिन्हे होती. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन होणे, दोन पाने म्हणजे संघप्रदेश राहणे. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. घटक राज्य हा पर्यायच नव्हता. तो दर्जा आला १९८७ मध्ये. म्हणजे शेवटी जे झाले, ते मागायची सोय त्या दिवशी कुणालाच नव्हती.

निवडणुकीतही तीच गत. १९६३ मध्ये मगो विलीनीकरणाच्या बाजूने, युनायटेड गोवन्स विरोधात. या रस्सीखेचीत काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. कुळांना संरक्षण हवे, गावात मराठी शाळा हवी, पण कारभार पणजीतूनच चालावा, असे वाटणाऱ्या माणसाने जायचे कुठे?

कौलानंतर दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, मगोला १६ जागा मिळाल्या आणि भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. आता जागांचा हिशेब वेगळा, एकूण मतांचा वेगळा, हे खरे. तरी विलीनीकरण नाकारणाऱ्या गोव्यातच विलीनीकरणवादी पक्ष सत्तेवर आला, ही गोष्ट 'दोन छावण्या' या मांडणीत बसत नाही. आणि विलीनीकरणाविरुद्ध रान उठवणारे 'राष्ट्रमत' हे दैनिक मराठीच होते! उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' सदर त्यातलेच. मग 'मराठी म्हणजे विलीनीकरण' हे समीकरण टिकते कसे?

मवाळ माणसे नव्हती असे नाही. त्यांच्यासाठी चिन्ह नव्हते. आणि ज्याला चिन्ह नाही, त्याची नोंदही राहत नाही. इतिहास लिहिणाऱ्यांनी तरी त्यांना दुसऱ्यांदा वगळू नये. त्या पिढीतली जी माणसे आज आहेत, त्यांना 'फूल की दोन पाने?' एवढेच विचारून थांबू नका. 'तिसरे काही छापले असते तर?' हेही विचारा, आणि उत्तर वेळीच लिहून ठेवा.