हगादाचं अर्धं पान

आज ज्यू अध्ययन या विद्याशाखेबद्दल आणि तिथं संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांबद्दल थोडं टीकेच्या अंगानं बोलायचं आहे.

सुरुवात बर्लिनपासून करू. १८१८ साली लिओपोल्ड त्सुन्झ या तेवीस वर्षांच्या तरुणानं एक छोटी पुस्तिका लिहिली. ज्यूंचं सगळंच वाङ्मय, केवळ धर्मग्रंथ नव्हेत, विद्यापीठीय शिस्तीनं अभ्यासलं पाहिजे, असा तिचा आग्रह. पुढच्या वर्षी मित्रांसह त्यानं त्यासाठी मंडळ काढलं. त्यातल्या एडुआर्ड गान्सला प्राध्यापक व्हायचं होतं. १८२२ मध्ये प्रशियाच्या सरकारनं ज्यूंना अशा जागा बंद केल्या. १८२५ मध्ये गान्सनं बाप्तिस्मा घेतला, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. म्हणजे बघा, ही विद्याशाखा जन्मली तीच विद्यापीठाच्या दाराबाहेर.

आज दार उघडं आहे. विद्यार्थी हिब्रू शिकतो, विषयाप्रमाणे अरामी, यिडिश, लाडिनो किंवा ज्यू-अरबी शिकतो. हे कष्टाचं काम आहे, त्याबद्दल आम्हाला आदरच आहे. पण या यादीत मराठी क्वचितच असते. आमची तक्रार नेमकी इथं आहे.

पुण्यात १८७४ साली छापलेली हगादा घ्या. हगादा म्हणजे वल्हांडणाच्या रात्री घरात वाचायची पोथी. हिच्यात हिब्रूबरोबर मराठी भाषांतर आहे आणि साड्या नेसून, जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करणाऱ्या बेने इस्रायल बायकांचं चित्र आहे. चित्राचं कौतुक पटकन होतं. पण देवाचे गुण, गुलामगिरी, सुटका यांना मराठीत कोणते शब्द दिले, ते कुठून उचलले, हे कोण तपासणार? तसंच कीर्तनाचं. अब्राहामाची कथा या समाजानं मराठी कीर्तनात मांडली. तिथं नुसतं हिब्रू पुरत नाही.

यात बिघडलं काय, असं कुणी म्हणेल. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्राएलमध्ये याच समाजाच्या विवाहांवर धर्मपीठानं शंका घेतली. लोकांना आंदोलन करावं लागलं, १९६४ मध्ये तोडगा निघाला. आपण कोण, हे ज्याला दुसऱ्यांसमोर सिद्ध करावं लागतं, त्याचा स्वतःच्या भाषेतला कागद ही शोभेची वस्तू नसते, बरं का. तो न वाचता त्याच्याबद्दल प्रबंध लिहिणं म्हणजे साक्षीदाराला बाहेर बसवून निकाल देणं.

आता आपल्याकडे वळू, कारण दोष एकतर्फी नाही. आपण मराठीवाले हीच हगादा हातात घेतली तर हिब्रूच्या ओळीशी अडतो. ‘आपले शनिवार तेली’ असं प्रेमानं म्हणतो आणि तिथंच थांबतो. त्यांना अर्धं पान दिसतं, आपल्याला उरलेलं अर्धं.

यावर उपाय त्या परंपरेतच आहे. ज्यू पाठशाळेत दोघं समोरासमोर बसून, वाद घालत एकच ग्रंथ वाचतात. त्याला हवरुता म्हणतात. एक हिब्रूचा विद्यार्थी आणि एक मराठीचा, मध्ये ती हगादा. पदवी कुणाला कुठल्या विभागाची मिळेल, ते नंतर बघू. आधी पान पूर्ण वाचलं जाऊ द्या.

आता प्रश्न घेऊ.