नारायण वामन टिळकांचा सातारचा संन्यास : साधनांची छाननी

कै. नारायण वामन टिळक यांनीं इ. स. १९१७ मध्यें अमेरिकन मराठी मिशनशीं असलेला वेतनाचा संबंध सोडिला, संन्यासवृत्ति स्वीकारिली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला, ही गोष्ट वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. परंतु या प्रसंगीं टिळकांनीं नेमकें काय टाकिलें व काय राखिलें, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. 'संन्यास' हा शब्द आला कीं वाचक पुढील चित्र स्वतःच रंगवितो. प्रस्तुत टिपणांत तें चित्र साधनांशीं ताडून पाहावयाचें आहे.

पहिलें साधन जे. सी. विन्स्लो यांचें १९२३ मधील इंग्रजी चरित्र. टिळकांच्या निधनानंतर (९ मे १९१९) अवघ्या चार वर्षांत प्रसिद्ध झाल्यामुळें त्याचें मोल मोठें आहे. तथापि ग्रंथकर्त्यानें त्याच सुमारास, १९२२ मध्यें, 'ख्रिस्त सेवा संघ' हा आश्रमपंथी संघ काढिला होता, हें विसरून चालणार नाहीं. ज्यास स्वतःस भारतीय पद्धतीचें विरक्त ख्रिस्ती जीवन उभारावयाचें आहे, त्यास टिळकांच्या अखेरच्या दोन वर्षांत आपला आदर्श दिसणें स्वाभाविक आहे. एवढ्यावरून त्याची साक्ष खोटी ठरत नाहीं. ती एका बाजूस कललेली असण्याचा संभव मात्र ध्यानीं धरिला पाहिजे.

दुसरें साधन लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' (१९३४-३६). हीं घटनेनंतर बऱ्याच वर्षांनीं प्रसिद्ध झालेलीं. म्हणून तिथिवार तपशिलास तीं दुय्यम होत. परंतु विरक्तीचा भार ज्या घरावर पडला, त्या घराची ही एकमेव विस्तृत साक्ष आहे. पतीच्या औदार्याचें कौतुक करितां करितां त्या औदार्याची झळ स्वयंपाकघरास कशी लागे, हेंही बाई निःसंकोच सांगतात. गौरवग्रंथांत असली माहिती मिळत नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. सातारा म्हटलें कीं सज्जनगड आठवतो, आणि लग्नमंडपांतून निघून गेलेल्या समर्थांच्या कथेचा सांचा टिळकांस लावण्याचा मोह होतो. हा सांचा येथें बसत नाहीं. १८९५ च्या फेब्रुवारींत टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां त्यांचा संसार खरोखरच दुभंगला होता. लक्ष्मीबाई कित्येक वर्षें निराळ्या राहिल्या व १९०० मध्यें ख्रिस्ती झाल्या. १९१७ मध्यें तसें झालें नाहीं. संन्यास घेऊनही टिळक कुटुंबवत्सलच राहिले. त्यांनीं नातीं टाकिलीं नाहींत. टाकिली ती वेतनाची शाश्वती.

तर मग वेतन हाच मोह होता काय? तसें म्हणणेंही अन्यायाचें होईल. डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्यें सांगलीस आले, १८९४ मध्यें त्यांनीं मिरजेस रुग्णालय उभारिलें आणि १९२८ पर्यंत प्रेसबिटेरियन मिशनच्या सेवेंत राहून तें वाढविलें. मिशनच्या चाकरींत राहूनही निःस्वार्थ जीवन जगतां येतें, याचें हें शेजारचेंच उदाहरण. म्हणून टिळकांचा राजीनामा तेवढ्यावरच वैराग्याचा पुरावा मानणें युक्त नव्हे. तो कशासाठीं दिला, हें पाहिलें पाहिजे. 'देवाचा दरबार' हा बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा एकत्र मेळा असावा, अशी टिळकांची कल्पना होती. मिशनच्या वेतनावर राहून अशी मोकळीक घेणें अवघड होतें. सबब आमच्या मतें हा त्याग दारिद्र्यासाठीं केलेला नसून स्वातंत्र्यासाठीं केलेला आहे. दारिद्र्य हें त्याचें मूल्य होतें, आणि त्यांतील मोठा वांटा लक्ष्मीबाईंनीं भरिला. ऐहिक मोहाच्या निग्रहाची गणना करितांना चरित्रकार हा वांटा टिळकांच्याच खातीं जमा करितात. हिशेबाची ही चूक दुरुस्त झाली पाहिजे.

फादर स्टीफन्स यांनीं सतराव्या शतकाच्या आरंभीं गोमंतकांत आपल्या पुराणासाठीं ओवी घेतली. टिळकांनीं संतांचा अभंग घेतलाच, शिवाय संतांची राहणीही घेतली. आणि वारकरी संतांत संसार न सोडितां विरक्त राहणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. टिळकांचें स्थान सज्जनगडापेक्षां देहूच्या वाटेवर अधिक शोभतें.

या मताची पारख समकालीन कागदांवरच व्हावयाची. १९१२ पासून अखेरपर्यंत टिळक 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचे संपादक होते. म्हणून १९१७ ते १९१९ चे अंक प्रथम पाहिले पाहिजेत. जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग १९४९ मध्यें निराळा होऊन १९६० मध्यें त्यास सांगली हें नांव मिळालें. सबब शोध दोन्ही जिल्ह्यांत करणें अवश्य आहे. कीर्तनांचीं टांचणें, भजनांच्या हस्तलिखित वह्या व टपालाचे शिक्के असलेलीं पत्रें कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं पाकिटें टाकून देऊं नयेत. मजकुरांत मिती नसेल तेव्हां शिक्काच काळ सांगतो.