काचेतला फुलोरा

घोडबंदर रोडला लागून असलेल्या येऊरच्या डोंगरात कारवी साधारण आठ वर्षांनी फुलते, बी धरते आणि मरते. 2016 नंतर ती 2024 मध्ये बहरली. बांबूची तपश्चर्या याहून कठोर. त्याच्या अनेक जाती कित्येक दशके नुसत्या वाढतात, एकदाच फुलतात आणि संपतात. त्यांचा संकर करू पाहणाऱ्याला फुलाची वाट पाहण्यातच आयुष्य काढावे लागे.

ही कोंडी फोडणारा शोधनिबंध मार्च 1990 मध्ये ‘नेचर’मध्ये आला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील आर. एस. नाडगौडा, व्ही. ए. पराशरामी आणि ए. एफ. मस्करेन्हास यांचा. पाने अवघी दोन; पण पुन्हा पुन्हा वाचावा असा.

त्यातली सामग्री पाहा. काचपात्रात कळक जातीच्या बांबूची कोवळी रोपे, पोषक माध्यम, बेंझिल अ‍ॅडेनिन हे सायटोकायनिन गटातले संप्रेरक आणि नारळाचे पाणी. या पाण्यातही नैसर्गिक सायटोकायनिने असतातच. रोपे ताज्या माध्यमात पुन्हा पुन्हा हलवली गेली आणि कोंबांना तुरे आले!

याचे मोल कळायला थोडे मागे जावे लागते. 1957 मध्ये स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्या ऊतींवर दाखवले, की ऑक्झिन हे दुसरे संप्रेरक वरचढ ठरले तर मुळे फुटतात, सायटोकायनिन वरचढ ठरले तर कोंब. पुढे 1970च्या दशकात त्रान थान व्हान यांनी तंबाखूच्या सालीच्या पातळ पापुद्र्यांतून थेट फुलकळ्या मिळवल्या. मात्र त्यासाठी पापुद्रा फुलोऱ्याच्या दांड्याचा लागे. खोडाच्या बुंध्याजवळचा पापुद्रा पानांचे कोंबच देई. म्हणजे संप्रेरकाचा संकेत ऐकायला ऊतीची तयारी हवी. पुण्यातल्या प्रयोगाचे नवल इथेच आहे: जी तयारी बांबूत दशकांनंतरच येते असे मानले जाई, ती काही महिन्यांच्या रोपांत दिसली.

मला सर्वांत भावते ते बीजाचे प्रकरण. नुसती फुले येऊन थांबली असती, तर ती संप्रेरकांनी घडवलेली विकृती ठरू शकली असती. पण काचेतल्या तुऱ्यांनी बी धरले, तेही रुजणारे. फूल खरे असल्याचा याहून भक्कम पुरावा नाही.

ही कृती सर्व वनस्पतींना लागू पडत नाही. प्रत्येक जातीचा प्रतिसाद निराळा असतो. तरीही फुलण्याचे घड्याळ वर्षांनीच चालते, हा समज या दोन पानांनी मोडला. वनस्पतिशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ती सावकाश वाचावीत.